पेटी चढी लागते

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बेसूर म्हणे! माझा भाऊ बेसूर! ज्याने दाढी करताना गुणगुणलं तरी शेजारीण गॅस बारीक करून ऐकत उभी राहते, तो यांना बेसूर वाटतो. आणि सांगणारा कोण, तर माझाच नवरा. सगळ्यांसमोर. सख्ख्या मेव्हण्याला. खुर्चीतून न उठता.

काल तालमीत झालं ते लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. लिहायला मला वेळ लागतो. चौथीत शाळा सुटली, जोडाक्षरं अजून छळतात. पण बोलून तरी काय उपयोग? काल मी एवढी बोलले, कोणी ऐकलं?

नेहमीसारखे लाँड्रीच्या तळघरात बसलो होतो. दिवसभर मी वर इस्त्री करते, संध्याकाळी खाली डफ वाजवते, मालकीणबाई खोलीचं काही घेत नाहीत. नवऱ्याने सूर दिला. आमच्यात तीच रीत — त्याने त्याच्या लांब दांडीच्या वाद्याची पहिली तार छेडायची, मग बाकीच्यांनी खुंट्या पिळून त्याच्याशी जुळायचं. सूर मोजायचं ते चिमुकलं यंत्र गिटारवाल्याने एकदा आणलं होतं. नवऱ्याने ते त्याच्याच खिशात परत कोंबलं. "यंत्राला कान असतो का? सूर माझ्या डोक्यात आहे. बापाने ठेवलाय, हलायचा नाही." 

तर फिडलवालीने जुळवलं. गिटारवाल्याने जुळवलं. आणि बारक्याने — माझा धाकटा भाऊ, पन्नाशीला आला तरी बारक्याच — गळ्यात अडकवायची भात्याची पेटी उघडून तोच सूर धरला, तशी फिडलवालीने मान वाकडी केली, दाढ ठणकल्यासारखी. परत धरला, परत तेच. मलाही ऐकू आलं, खोटं कशाला लिहू. तारा एकीकडे, पेटी एकीकडे, मधे केसाएवढी फट. पण घासात केस आला की घास उतरत नाही.

"पेटी चढी लागते," नवरा म्हणाला.

"दाजी, पेटीला खुंट्या नसतात. आतल्या जिभा आहेत तशाच वाजणार. बाबांनी घेतली तेव्हापासून तशाच आहेत."

"म्हणजे तेव्हापासूनच चढी असेल."

गिटारवाला हसला. तो कशालाही हसतो, पोटाला तेवढाच व्यायाम. फिडलवाली थंड मुलखातली, आपली भाषा तिला अर्धीमुर्धी. तिने हात वरखाली करून दाखवलं — "पेटी वर. आपण खाली."

"तेच म्हणतोय मी," नवरा म्हणाला. "बरेच महिने सांभाळून घेतलं. मेव्हणे, आता पेटी घरी ठेवा."

मी म्हटलं, अहो, भाऊ आहे माझा. तर म्हणे, भाऊ तुझा असेल, सूर कोणाच्या नात्यातला नसतो. असली वाक्यं याला बरोबर वेळेवर सुचतात.

बारक्याने पट्टाही बांधला नाही. पेटी छातीशी धरून जिना चढला. भाता अर्धा उघडा. पायरीपायरीला पेटी कण्हत होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

नवऱ्याशी बोलत नाही. त्याला पत्ताच नाही. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावून बसतो की मी अबोला धरलाय हे कळायला जागाच उरत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

बारक्याकडे गेले. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्याच्यामागे एक खोली, एकट्याचा संसार. बायको गेल्यापासून पलंगाची एक बाजू पेटीची. आज पेटी तिथेही नव्हती, कपाटावर टाकलेली.

मी म्हटलं, भांड की त्याच्याशी. नुसता काय बसतोस?

"तिघांनाही खटकतं ताई. तुलाही खटकलं, मी तुझं तोंड बघितलं. म्हणजे चूक माझीच ना."

मग मला बासरीवाला आठवला. गेल्या वर्षी त्यालाही असंच घालवलं. बासरी चढी लागते म्हणे. तो तर सरळ शिव्या देऊन गेला. बांबूला भोकं पाडून झाली की झाली, ती काय पिळता येतात? तेव्हा बारक्याच त्याची समजूत घालत होता — अरे, जरा लांब बासरी बनव, सोपं आहे.

आता स्वतःची समजूत घालतोय.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बारक्याशिवाय पहिली तालीम. गोड वाजलं. त्याचाच राग आलाय.

फिडलवालीच्या किनाऱ्यावर जाळं ओढताना वाजवतात ती चाल, तिच्या पोटात गिटारवाल्याच्या डोंगरातली मेंढ्या वळवायची चाल, आणि खाली नवऱ्याच्या आजाची, उंटांच्या तांड्याची. तीन मुलखांचं पाणी एका हंड्यात. आमच्यात गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, म्हणून लोक आम्हाला 'मुके' म्हणतात. आम्हीही तेच नाव लावून घेतलं. शब्द नसले की भांडण कमी होतं, असं मला वाटायचं.

हे सगळं एकत्र बांधून धरायची ती पेटी. आता मधे भोक आहे. गिटारवाला ते भोक जोरजोरात वाजवून बुजवतो.

आजोबा आजही गप्प. आजोबा म्हणजे भिंतीवरून जाणारा जाडा लोखंडी पाईप. वरचा बॉयलर बंद झाला की रिकामा असतो. पूर्वी आम्ही सगळे मिळून मूळ सुरावर आलो की तो आपोआप घुमायचा — हूंऽऽ. जिन्याखालच्या वळणापाशी हात ठेवला तर तळव्याला मुंग्या यायच्या. पहिल्यांदा घुमला तेव्हा फिडलवाली घाबरून उठली होती. मग ठरलं, आजोबा हुंकारले की तालीम पास. किती दिवस झाले त्यांनी तोंड उघडलेलं नाही.

"म्हातारं झोपलंय," गिटारवाला म्हणाला.

माझ्या डफाचंही तसंच. आधी शेगडीवर शेकून ताणून घ्यायचे, आता ओलं फडकं फिरवून सैल करावा लागतो, तेव्हा कुठे तारांशी जमतं. हवा बदललीय बहुतेक.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बारक्याने पेटी फोडली. म्हणजे उघडली. पलंगावर पांढरं फडकं, त्यावर ओळीने सगळ्या पोलादी जिभा, माशांसारख्या. हातात मशीनच्या सुयांची बारीक कानस.

"काय चाललंय हे?"

"खाली आणतोय. मुळाशी घासली की जीभ नरम पडते, सूर उतरतो."

"आणि उतरला जास्ती तर?"

"घासलेलं परत भरता येत नाही. म्हणून हळू चाललंय."

सूर कुठून आणलास, विचारलं. तर दाजींच्या दुकानी गेला होता. नवऱ्याचं चपला-बुटांचं दुकान नाक्यावर आहे, वाद्य मागे टांगलेलं असतं. त्याने तार छेडून दाखवली. बारक्या तो सूर तोंडात धरून चालत घरी आला. "वाटेत दूधवाल्याने हाक मारली ताई, ओ दिली नाही. सांडला असता."

बाबांची पेटी आहे. मी म्हटलं, हात मोडीन तुझा. तो म्हणाला, दाजींचा कान म्हणजे आपल्या सगळ्यांचा कान. त्याला मी जुळायचं, त्याने मला नाही.

मी दार आपटून आले. बाहेर आल्यावरही कानशीचा आवाज ऐकू येत होता. उंदीर कुरतडतो तसा.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मोठ्या सभागृहाचा व्यवस्थापक तालमीला आला होता. गळ्यात रेशमी रुमाल, बसायच्या आधी खुर्ची फुंकली. त्याला आमचं वाजवणं आवडलं. वसंतात कार्यक्रम करू म्हणाला, तिथे एक पियानोवाली आहे, तिच्याबरोबर दोन चाली बसवा.

फिडलवाली टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली होती. नवरा म्हणाला, "पियानो नको. त्याला मातीचा वास नाही."

गिटारवाला म्हणाला, "गुरू, माझ्या गिटारलाही नाही. वास माझ्या मोज्यांना आहे."

कोणी हसलं नाही. व्यवस्थापक कळवतो म्हणून गेला. कळवणार नाही, त्याच्या पाठीवरूनच कळलं.

एवढी मोठी जागा सोडतं का कोणी? घरी विचारलं तर पाठ फिरवून झोपला.

रविवार, १ मार्च

सकाळी दूध उतू जात होतं. मी न्हाणीघरातून ओरडतेय, अहो गॅस, अहो गॅस! हा ओट्याशेजारी बसून बुटाला तळवा लावतोय, ढिम्म. दूध सगळं खाली. मी बाहेर येऊन त्याच्या नाकासमोर फडकं नाचवलं तेव्हा म्हणतो, "हाक मारायची ना."

नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा काही आजार नाही, घरोघरी आहे. पण दूध उतू जाताना चर्र होतं, ते तरी?

तळवाही तिरका कापला. अंगठा दुखावल्यापासून त्याची सुरी कडेला नेमकी तिरकी जाते. त्याच्या हातचा तळवा मी चपलांच्या ढिगातून ओळखीन. गिऱ्हाईकं म्हणतात, तुमचे बूट घातले की माणूस आपोआप घराकडे वळतो.

गुरुवार, ५ मार्च

आज बारक्या पेटी घेऊन आला. नवा शर्ट. दाढी घोटलेली. जिन्यातच मला म्हणाला, "ताई, जमलंय बघ."

नवऱ्याने सूर दिला. बारक्याने डोळे मिटून भाता उघडला.

फट होतीच. आधीपेक्षा कमी, पण होती. आणि वर आता पेटीचं आपसातच पटेना — घासताना एक जीभ जास्त उतरली, एक कमी. वीस माणसांच्या घरात प्रत्येकाने वेगळं घड्याळ लावल्यासारखं.

"अजून चढी आहे," नवरा म्हणाला.

"दाजी, परत एकदा द्या. मी बरोबर नेला होता."

परत दिला. बारक्याने जोर लावला. आत टक्‌कन झालं. घासून पातळ झालेली जीभ तुटली. मग त्या बटणातून नुसता वारा.

फिडलवालीने डोळ्याला हात लावला. नवरा उठला, बारक्याच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाला, "मेव्हणे, वय झालं की कान उतरतो. त्यात लाजायचं काय? तुमचा जरा लवकर उतरला."

मला तेव्हा ते शब्द चांगले वाटले. निदान ओरडला तरी नाही.

बारक्या हो म्हणाला. नुसतं हो.

शनिवार, १४ मार्च

बारक्याने दाढी करणं सोडलंय. गुणगुणणार कुठून?

दुकानात एक बाई मशीन परत घेऊन आली होती, चाक अडतंय म्हणून. पूर्वी हा दारातूनच ऐकून सांगायचा — खालची वाटी झिजलीय, नाहीतर पट्टा ढिला आहे. आज त्याने मशीन चालवलं, थांबवलं, परत चालवलं. मग मला म्हणाला, "ताई, तू ऐक. खडखडतंय का? की मलाच वाटतंय?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, कारागीर तू का मी?

"माझ्या कानाचा भरवसा नाही आता."

बाईंना म्हणाला, दुसरीकडे दाखवा. बाई गेली. तिच्या मागून आलेल्या आणखी एकाला तेच सांगितलं. दुकानात आता नीट झालेली मशीनं आहेत आणि ती नीट झालीत असं म्हणायला हा तयार नाही.

पेटीचा रिकामा डबा पलंगाखाली. जिभा साबणाच्या खोक्यात.

मी भात टाकला, त्याने चार घास खाल्ले. निघताना म्हणाला, "डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणतो कान ठणठणीत आहे. त्याला काय कळतंय संगीतातलं?"

बुधवार, १८ मार्च

सावकाश लिहिते.

आज लाँड्रीत पलंगपोसांचं गाठोडं घेऊन कोण यावं — बासरीवाला! एका हॉटेलात कपडे पोचवायचं काम धरलंय. मला बघून तोंड वाकडं केलं. "काय काकू, अजून मुक्यांत आहात?" मी म्हटलं, आहे, आणि तू गाठोडी वाहतोयस, बासरी विकलीस की काय? कमरेला खोचलेली दाखवली. मीच चिडवलं, चढी बासरी ना ती. तसा भडकला. "चढी? चला खाली, दाखवतो."

जेवणाची सुट्टी होती, बॉयलर बंद, मशीनं बंद. खाली गेलो. उभ्या उभ्याच त्याने आमची जुनी चाल धरली, तांड्याची. फिरत फिरत मूळ सुरावर आला आणि थांबला.

आजोबा हुंकारले.

हूंऽऽ. तोच. मी वळणापाशी हात ठेवला — मुंग्या. बासरीवाल्याने सूर जरा दाबून खाली घेतला, आजोबा गप्प. परत वर आला, परत हूं.

मी पायरीवर बसले. पाईप लोखंडाचा आहे. तो झोपला नव्हता, म्हातारा झाला नव्हता. तो होता तिथेच आहे. बासरी होती तिथेच आहे. पेटीही होती तिथेच होती. खाली आलो ते आम्ही. ज्यांना खुंट्या आहेत ते सगळे नवऱ्याच्या तारेमागून जरा जरा उतरत गेले, आणि ज्यांना उतरता येत नव्हतं त्यांना आम्ही घालवून दिलं. फिडलवाली पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पेटी वर, आपण खाली. आम्हाला वाटलं तिला भाषा येत नाही.

आणि माझा डफ! ओलं फडकं! मी हवेला दोष देत बसले.

दूध उतू गेलं ते, टीव्ही, आणि तालमीत त्याने काही महिन्यांपूर्वी खुर्ची बदलली, उजवी बाजू आमच्याकडे करून बसायला लागला, ते. सगळं एका माळेत आलं. त्याचा कान गेलाय. डावा तर पुरताच असेल. बरोबर लागलेली तारही त्याला चढी ऐकू येते, म्हणून तो ती उतरवतो, आणि वाटतं डोक्यातल्या सुराशी जुळली.

बिचाऱ्याला माहीतच नाही.

शुक्रवार, २० मार्च

काल बोलायचा धीर झाला नाही, तालीम तशीच पार पडली. आज जेवताना बोलले. एवढं हळू मी आयुष्यात कधी बोलले नसेन. भांडण नाही, टोमणा नाही. अहो, असं असं आहे. बासरीवाला आला होता. आजोबा बोलले. तुमच्या कानाचं काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवू. आणि बारक्याला सांगू की चूक त्याची नव्हती. तो खचलाय हो.

त्याने घास खाली ठेवला. मला त्याची कीव आली. तारेवर जन्म काढलेला माणूस.

तो म्हणाला, "तुला वाटतंय तसं नसेल. पण बघू. मंगळवारी बोलाव बासरीवाल्याला. मेव्हण्यांनाही बोलाव. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

मग विचारलं, "आजोबा नक्की कुठे घुमतात? सगळीकडे, की एकाच जागी?"

मी सांगितलं, जिन्याखाली, वळणापाशी, तिथे पाईप भिंतीपासून जरा सुटा आहे.

"बरं," म्हणाला.

माणूस मोठ्या मनाचा आहे. उगाच महिनाभर तोंड फुगवून बसले मी.

सोमवार, २३ मार्च

नवरा स्वतःहून खाली जाऊन तालमीची खोली झाडून आला. लग्नापासून पहिल्यांदा केरसुणी हातात धरलेली पाहिली. पाहुणे येणार ना, म्हणाला.

बारक्या यायला तयार नव्हता. मी म्हटलं, तुझा कान तुला परत देते, तू फक्त ये. त्याने दाढी केली.

मंगळवार, २४ मार्च

आजोबा बोलले नाहीत.

सगळे होते. मी मधे उभी राहून सांगितलं, जमेल तसं. पाईप खोटं बोलत नाही, ऐका. गिटारवाला पहिल्यांदाच हसला नाही. बासरीवाल्याने तीच चाल धरली, मूळ सुरावर आला, थांबला.

काही नाही.

परत. काही नाही. छाती फुटेपर्यंत फुंकली त्याने. मी वळणापाशी हात ठेवला, थंड लोखंड, मुंगीसुद्धा नाही. मी म्हणतेय, त्या दिवशी घुमला होता, आईशप्पथ घुमला होता. बासरीवालाही म्हणतोय, काकू खरं सांगताहेत. फिडलवाली खाली बघत होती. वेड्या बाईकडे बघू नये तसं.

गिटारवाला म्हणाला, "बहीण आहे. भावासाठी जीव तुटतो, त्यात काय."

नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, तिला काही बोलू नका, दोन महिने ती झोपलेली नाही. माझ्यासाठी पाणी आणलं.

बारक्या माझ्याजवळ आला. "ताई, पुरे," म्हणाला. "माझ्यासाठी एवढं खोटं नको."

खोटं. मी.

बुधवार, २५ मार्च

बारक्याचं दुकान बंद. मागचं दार ठोठावलं. आत आहे, पाय वाजले. "उद्या ये," म्हणाला. दार उघडलं नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून आले.

गुरुवार, २६ मार्च

तालमीला गेले नाही. डबा तसाच उंबऱ्यावर होता, झाकणही हललं नव्हतं. या वेळी आतून उत्तरही आलं नाही. खिडकीच्या फटीतून बघितलं — पलंगावर बसलाय, दोन्ही कानांत कापूस घालून.

मला खात्री होती की पाईप घुमला होता. आता मलाही वाटायला लागलंय, घुमला होता का?

शुक्रवार, २७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत खाली गेले. आजोबांच्या मागे, वळणापाशी, पाईप आणि भिंत यांच्यामधे हात घातला.

रबर. बुटाच्या तळव्याचं काळं रबर, पाचरीसारखं कापून घट्ट ठोकलेलं. कापलेली बाजू ताजी, चकचकीत. कड तिरकी.

उपटायला जोर लागला. बोटाचं नख गेलं.

घरी आले. जेवायला वाढलं, रबर त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि त्याच्या उजवीकडे बसले. उजव्या कानाशी तोंड नेलं, ऐकू आलं नाही म्हणायची सोय नको. म्हटलं, तुला माहीत होतं. बासरीवाल्याला घालवलंस तेव्हाही माहीत होतं, पियानो नको म्हणालास तेव्हाही. माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून कान उतरतो म्हणालास, तेव्हाही.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "वाद्य सोडून मी काय करू?"

ते मी विचारलेलं नाही. मी म्हटलं, मंगळवारी बारक्या समोर बसलेला असेल, मी ओढत आणीन. त्याच्या कानाला काही झालेलं नाही, हे त्याला तू सांगणार की मी? मंगळवारपर्यंत सांग. तालीम सुरू व्हायच्या आत, पहिली तार छेडायच्या आधी.